भुतांचे सेफ्टी ऑफिसर

भुतालाही हेल्मेट घालायला लावील असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ओमानमध्ये, सोहारला, आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहत. मूळचे वसईचे, ख्रिश्चन, अल्युमिनियमच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. मुलं त्यांना सेफ्टी अंकल म्हणत, म्हणून आम्ही मोठी माणसंही तेच म्हणायला लागलो, आणि पुढे त्यांचं खरं नाव फक्त लेटरबॉक्सवर उरलं. घरी त्यांची बोली वेगळी होती. आमच्याशी मात्र ते शाळेत शिकलेलं स्वच्छ मराठी बोलत, आणि त्यात अधूनमधून कारखान्यातलं इंग्रजी टाकत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. ते थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, खाली वाकून गॅसच्या पाइपवरची तारीख वाचली आणि म्हणाले, "वहिनी, चहा नंतर. आधी हा पाइप बदला." नवरा आठवडाभर त्यांची नक्कल करत होता. पाइप मात्र त्यानं दुसऱ्याच दिवशी बदलला. आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकानं त्यांना असंच वागवलं. त्यांचं ऐकलं सगळ्यांनी, आणि पाठ वळली की हसलेही सगळे.

अशा माणसानं दरवर्षी मुलांची हॅलोवीन पार्टी का करावी, हे मला पहिली दोन वर्षं कळलं नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमधलं सामान भिंतीला लागे, पडदे ओढले जात आणि सतरंजीवर सगळी मुलं बसत. लाल भोपळा कोरायला सुरी लागते, म्हणून भोपळा बाद. त्याऐवजी संत्री, आणि त्यांच्यावर मार्करनं काढलेले दात. मेणबत्ती बाद, तिच्याऐवजी बरणीत बॅटरीचा दिवा आणि बरणीला बाहेरून चिकटवलेला नारिंगी पतंगी कागद. फर्स्ट एडच्या पेटीतली मुदत संपत आलेली बँडेजं ते वर्षभर साठवत, आणि मुलं ती पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांना गुंडाळून, वर दोन बटणांचे डोळे लावून ममी करत. टिश्यूपेपरच्या बोळ्यावर दुसरा टिश्यू टाकून भूत करायचं, तर "मानेला दोरा सैल बांधा" असं ते प्रत्येकाला सांगत फिरत. एका खोक्याला भोक पाडून आत उकडलेल्या नूडल्स आणि सोललेली द्राक्षं ठेवलेली असत, म्हणजे आतडी आणि डोळे. पण हात घालण्याआधी आत नूडल्स आणि द्राक्षं आहेत, हे प्रत्येक मुलाला रीतसर सांगितलं जाई. "मग घाबरायचं कशाला?" असं माझ्या मुलानं विचारलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "माहिती असूनही घाबरता आलं पाहिजे. तीच खरी सेफ्टी."

आणि मग फायर ड्रिल. पार्टी रंगात आली की अंकल शिट्टी फुंकत. हातातलं टाकून सगळ्यांनी रांगेत बाहेर पडायचं, समोरच्या लाँड्रीपाशी जमायचं आणि हजेरी द्यायची. हा इथल्या लोकांचा सण नव्हे, उगाच कोणाच्या नजरेत येऊ नये, म्हणून पडदे ओढणारे अंकल स्वतःच पंधरा भुतं भर संध्याकाळी रस्त्यावर उभी करत. एकदा आमचा अर्बाब, म्हणजे बिल्डिंगचा मालक, नेमका तिथून गाडीनं चालला होता. काच खाली करून त्यानं एकमेकांच्या चादरी धरून उभ्या असलेल्या त्या रांगेकडे बराच वेळ पाहिलं. "ट्रेनिंग," अंकल म्हणाले. "माशाल्ला," म्हणून तो निघून गेला.

तिसऱ्या वर्षी मी आवराआवर करायला थांबले होते. सांडलेल्या नूडल्स गोळा करता करता ते सहज म्हणाले, "माझ्या मुलीच्या एकाही वाढदिवसाला मी घरी नव्हतो. तिचा ऑक्टोबरमधला, आणि आमच्या कारखान्यात रजा मिळते उन्हाळ्यात." बायको आणि मुलगी वसईला. मुलगी तोवर नोकरीला लागली होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण ते लगेच माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "जपून, फरशी ओली आहे."

अशी सहा वर्षं गेली. मग तिसऱ्या मजल्यावर एक नवं कुटुंब आलं. त्यातल्या बाईंनी अंकलची एक पार्टी पाहिली आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरातच म्हणाल्या, "मुलं मोठी झाली आता. टिश्यूची भुतं काय करायची? मॉलमध्ये प्ले एरिया मिळतो, ते लोक सगळं करून देतात." माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. "आई, अंकलची पार्टी इज फॉर बेबीज," असं तो आधीच म्हणाला होता. नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. त्यात बिल्डिंगमधली सगळी होती, अंकल सोडून. त्यांना कोण सांगणार, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझं त्यांच्याशी जमतं असं सगळ्यांचं मत होतं. मी सांगते म्हणाले.

माझ्या हाताशी तीन आठवडे होते. अंकल मला रोज जिन्यात भेटत होते. त्यांना दुखवायचं नाही, असं मी स्वतःला समजावत होते. खरी गोष्ट एवढीच होती की सांगताना त्यांचा चेहरा मला बघायचा नव्हता. एके दिवशी ते काळ्या कार्डपेपरची गुंडाळी घेऊन येत होते. थांबून त्यांनी विचारलं, "वहिनी, वटवाघळं चाळीस पुरतील ना?"

"पुरतील अंकल," मी म्हणाले.

मॉलमधली पार्टी झकास झाली. काहीतरी बिघडलं असतं तर आज हे लिहिणं सोपं गेलं असतं, पण काहीच बिघडलं नाही. धुराचं मशीन होतं, चेहरे रंगवून देणाऱ्या मुली होत्या, आणि माझा मुलगा म्हणाला की ही बेस्ट पार्टी. साडेसातला आम्ही परत आलो तर तळमजल्यावरचं दार सताड उघडं. आत टेबलावर काळ्या वटवाघळांच्या ओळी लावलेल्या, शेजारी बाटल्या आणि बँडेजं, आणि मुलांच्या नावांची हजेरीची यादी. अंकल दारात उभे होते. रंगवलेल्या चेहऱ्यांची मुलं गाड्यांतून उतरून लिफ्टकडे पळत होती. त्यांनी बोटानं एकेकाला मोजलं. "सोळा. आले सगळे," असं स्वतःशीच म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. ते वटवाघळं एका फाइलमध्ये भरत होते. बसा म्हणाले नाहीत.

"अंकल, मी सांगणारच होते."

"कधी?"

मी टेबलावर राहिलेलं एक वटवाघूळ उचलून त्यांच्यापुढे धरलं.

"सत्तावीस वर्षं मी हेच काम करतोय वहिनी," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "लोकांना नको असलेली गोष्ट त्यांच्या तोंडावर सांगायची. दहा माळे उंच चढलेल्या माणसाला खाली उतरवायचं. तो शिव्या देतो, तरी सांगायचं. तुम्हाला एका म्हाताऱ्याला एवढं सांगता आलं नाही. आता नको म्हणून."

"मुलांना हवं होतं..."

"मुलांवर घालू नका. मुलं खरं बोलतात. तुमच्या मुलानं मला मागच्याच वर्षी सांगितलं होतं की हे बेबीजसाठी आहे. मी त्याला म्हटलं, बरोबर आहे तुझं, पुढच्या वर्षी तू लहानांना शिकव. तयार झाला होता तो."

हे मला माहीत नव्हतं. मुलाला विचारलं तर त्यानं मान खाली घातली. "यू सेड मॉल," तो म्हणाला.

त्यानंतर ते माझ्याशी वाईट वागले असते तर बरं झालं असतं. ते नेहमीसारखं "गुड मॉर्निंग वहिनी" म्हणत आणि थांबत नसत. मार्चमध्ये कारखान्यात त्यांच्या जागेवर इथला एक ओमानी मुलगा आला, त्यांनीच चार वर्षं तयार केलेला. "पोरगा हुशार आहे, माझ्याहून कडक," असं ते सगळ्यांना सांगत होते, आणि त्यात कडवटपणा नव्हता. कडवटपणा त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवला असावा, आणि तोही दाखवला नाही. ते कायमचे वसईला निघाले तेव्हाचा निरोपसमारंभ दहा मिनिटांत उरकला, कारण क्रिकेटची मॅच होती. आम्ही घड्याळ दिलं, फोटो काढले. ज्यांनी त्यांना ग्रुपमध्ये घेतलं नव्हतं ते सगळे "टच में रहना अंकल" म्हणाले. मीही म्हणाले.

डिसेंबरमध्ये मी धीर करून वसईला फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. मागे खूप मुलांचा गलका होता.

"अंकल, त्या दिवसाचं मला अजून..."

"आत्ता नको वहिनी," ते म्हणाले. "चर्चच्या मैदानावर आहे. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी कापसाची मेंढरं करतोय. तीस पोरं आहेत."

तेवढ्यात एक मूल त्यांच्या बोलीत काहीतरी ओरडलं. मला त्यातलं एवढंच कळलं की कोणाच्यातरी मेंढराला पाच पाय झाले होते. आणि अंकल हसले. मोठ्यानं, धाप लागेपर्यंत हसले. इतकी वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून मी ते हसणं कधी ऐकलं नव्हतं. हसू आवरल्यावर त्यांना माझी आठवण झाली असावी. "करतो नंतर," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नंतर फोन आला नाही, आणि तो यायला हवा होता असं म्हणायचा मला हक्क नाही. फक्त त्या मेंढराचा पाचवा पाय त्यांनी काढायला लावला की तसाच राहू दिला, एवढं विचारायचं राहून गेलं.