घंटाकाकांची तीन मिनिटं

भाषण चालू असताना आमचे घंटाकाका कधी वक्त्याकडे बघत नसत. ते ऐकणाऱ्यांकडे बघत. शाळेच्या सभागृहात स्टेजच्या कडेला छोटं टेबल, टेबलावर पितळी घंटा, हातात घड्याळ आणि नजर समोरच्या खुर्च्यांवर. वक्तृत्व स्पर्धेत वेळ संपत आली की एक घंटा, संपली की दुसरी, एवढंच त्यांचं काम. नोकरी विमा कंपनीत, पण सुट्टीच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या शाळेचं बोलावणं असायचंच, की निघाले पिशवीत घंटा घालून. हल्लीच्या पोरांना ‘घंटाकाका’ म्हटलं की फिस्सकन हसू येतं, कारण त्या शब्दाची त्यांनी पार वाट लावली आहे. आमच्या लहानपणी ते नाव आदरानं घेतलं जायचं.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत काका-काकी तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्यावर. चौथीत असताना मी पहिल्यांदा स्पर्धेत नाव दिलं आणि आईनं मला त्यांच्यापुढे नेऊन उभं केलं. मी हातवारे करत, डोळे मोठे करत अख्खं भाषण धाडधाड म्हणून दाखवलं. काकांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, “हे हातवारे कुणी शिकवले?”

“बाईंनी.”

“उद्या परत देऊन टाक त्यांना.”

त्यांची शिकवणी ही अशी. “पहिल्या वाक्याला लोक तुझा फ्रॉक बघत असतात, तिथे महत्त्वाचं काही सांगायचं नाही. दुसऱ्याला हसव. हसली माणसं की दार उघडतात, मग कामाचं बोल.” किंवा, “हशा आला की तोंड मिटून उभी राहा. त्यांचं हसू त्यांना पुरतं हसू दे, मध्ये घुसू नकोस.” एकदा मी विचारलं, काका, लोक कंटाळतात कशाला? ते म्हणाले, “भाषण लांबलं म्हणून कुणी कंटाळत नाही गं शुभे. हा माणूस आपल्याशी बोलतच नाहीये, हे कळलं की कंटाळतात.” कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं ते. खुर्च्यांमधले चेहरे बघून बघून त्यांचं त्यांना कळलेलं होतं. आज मी खराडीला एका कंपनीत मोठमोठ्या साहेबांना सादरीकरण कसं करावं ते शिकवते. चांगला पगार घेते. शिकवते ते सगळं काकांचं.

आणि गंमत म्हणजे स्वतः काकांना चार माणसांत धड दोन वाक्यं बोलता यायची नाहीत. एका गणपतीत त्यांना आभार मानायला उभं केलं, तर मंडपवाल्यापासून सुरुवात करून ते मंडपाच्या इतिहासात शिरले आणि आरती थंड झाली. घाबरले की ते मागे मागे जायचे, पार मुळापर्यंत. “बायकोचे आभार मानायला सांगितले असते तर आमच्या लग्नापासून सुरुवात केली असती,” असं काकी म्हणायच्या.

काकींची दृष्टी काचबिंदूनं गेलेली होती, पण नवख्या माणसाच्या ते लक्षातही यायचं नाही. त्या घरात त्या भिंतीला हात न लावता वावरायच्या. चहा करून कप नेमका तुमच्या हाताशी आणून द्यायच्या, जाताजाता फॅन लावायच्या, काकांना म्हणायच्या, “अहो, उंबऱ्यात चप्पल ठेवलीत, उचला.” मी एकदा काळजीनं काही बोलले तर म्हणाल्या, “या घरात मला डोळे हवेत कशाला?” घराबाहेर मात्र त्या काकांचा दंड धरल्याशिवाय पाऊल टाकत नसत.

मग आमच्याकडे आलं रीडेव्हलपमेंट, म्हणजे जुनी इमारत पाडून बिल्डरकडून नवी, मोठी बांधून घ्यायची. सगळ्या कोथरूडला आलंय, आम्ही काय वेगळे. इमारत गळत होती हे खरंच. स्लॅबचे तुकडे पडत होते हेही खरं. पण मला एक खोली जास्त हवी होती, हे त्याहून खरं. दोन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. प्रत्येकाला तीन मिनिटं, असा नियम चेअरमननी केला. वेळ बघायचं काम काकांचं, पण काकांना स्वतः बोलायचं होतं आणि त्यांना दोन्ही एकदम जमणार नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी फोनवर गजर लावून बसले. त्या गजराला कुणी भीक घातली नाही. एक गृहस्थ तर पार्किंगवर बोलताना दोन गजर पचवून वर म्हणाले, “थोडक्यात सांगायचं तर...”

काका उठले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. “आपली सोसायटी स्थापन झाली तेव्हा इथे शेत होतं,” इथून सुरुवात. विहीर आली, नळाचं पाणी आलं, पहिले सेक्रेटरी आले. लोकांनी मोबाइल काढले. मला कळत होतं की त्यांना काकींबद्दल काहीतरी सांगायचंय आणि तिथपर्यंत जायची वाट त्यांना सापडत नाहीये. शेवटी ते म्हणाले, “तर आता आमच्या घरात...” आणि गजर वाजला. काका तिथेच थांबले. “आभारी आहे,” म्हणाले आणि खाली बसले. आयुष्यभर दुसऱ्यांना घंटा वाजवून बसवणारा माणूस, तो कसला पुढे बोलतोय!

“काका, बोला, घ्या तुमचा वेळ,” एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण पुढचा नंबर माझा होता आणि हे लांबलं तर सभा हातची जाईल अशी मला धास्ती होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, “काकांनी बिल्डिंग बांधून दाखवली, आता मी पाडून दाखवते.” काय हशा पिकला! मी तोंड मिटून उभी राहिले, हशा पुरता ओसरू दिला. काकाही हसत होते. मग मी गळतीचं बोलले, गंजलेल्या सळयांचं बोलले, दुसऱ्या मजल्यावरच्या देवघरात पडलेल्या स्लॅबच्या तुकड्याचं बोलले. “देव वाचले. आपण वाचू याची खात्री देव देत नाहीत.” मत घेतलं तेव्हा एकूण एक हात वर गेला. काकांचाही. सभा संपल्यावर ते मुद्दाम माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “पहिला नंबर, शुभे. तोड नाही.” आणि मला, लाज वाटते सांगायला, फार आनंद झाला.

नवी इमारत होईपर्यंत मुलीकडे राहायचं काकांना पटेना, म्हणून भाड्याचं घर शोधायला ते वणवण फिरले. दोघं म्हातारी, त्यात एकीला दिसत नाही, म्हटल्यावर घरमालक गोड बोलून वाटेला लावत. अखेर धायरीच्या पुढे चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. मी भेटायला गेले तेव्हा काकी दोन्ही हात भिंतीवर टेकवून एकेक पाऊल सरकत होत्या. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. जिन्यापाशी मी काकांना विचारलं, “त्या दिवशी तुम्हाला काय सांगायचं होतं?”

“फार काही नाही गं. आम्हाला आपल्याच गल्लीत तळमजल्याची जागा बघून द्या, आणि जायच्या आधी महिनाभर हिला तिथे रोज नेऊ-आणू द्या, म्हणजे पायांना ओळख होईल. एवढंच.”

“मग बोलला का नाहीत काका?”

“वेळ संपली होती.”

टोमणा नव्हता हो त्यात. असता तर बरं झालं असतं, पुणेरी टोमणा परतवता येतो मला. गल्लीत तळमजल्याची एक जागा होती. तिथे आम्हीच राहायला गेलो होतो. अदलाबदल करू, असं मी घरी म्हटलं. मुलाची दहावी आहे, परीक्षा झाली की बघू, असं ठरलं. ठरलं कसलं, मीच ते पटकन मान्य करून टाकलं. परीक्षेच्या आधीच काकी पडल्या. जुन्या घराच्या सवयीनं झोपेतून उठून डावीकडे वळल्या आणि तिथे बाल्कनीची पायरी होती. खुब्याचं हाड मोडलं. काकांनी त्यांचं सगळं केलं, अंघोळीपासून वेणीपर्यंत, आणि त्याच हिवाळ्यात एका सकाळी दूध तापवता तापवता ते गेले. अंत्यदर्शनाला सोसायटीचे सगळे आले होते. कुणीतरी मला म्हणालं, दोन शब्द बोला. मी चेअरमनना पुढे केलं.

काकी आता खराडीला मुलीकडे असतात, माझ्या ऑफिसपासून जवळ. मी अधूनमधून जाते. परवा गेले तर खुर्चीत बसून होत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “हे सारखे म्हणायचे, शुभानं सभा जिंकली. काय बोललीस गं एवढं? मी सभेला नव्हते, आणि मला कुणी नीट सांगितलंच नाही.”

“विसरले, काकी.”

“तू आणि विसरलीस! काहीतरीच. चल, म्हण बघू.”

मी टाळायचा प्रयत्न केला, पण त्या ऐकेनात. मग म्हटलं सगळं. काकांवरचा विनोद तेवढा गाळला. गळती, सळया, देवघर, सगळं जसंच्या तसं आलं. देवांच्या वाक्याला त्या खळखळून हसल्या. शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“अशी झाली होती होय आपली बिल्डिंग? मग पाडायलाच हवी होती,” त्या म्हणाल्या. “आणि मी मात्र यांना शेवटच्या दिवसापर्यंत बोलत राहिले गं, हात का वर केलात म्हणून. तू आधी का नाही आलीस सांगायला?”