फुकटचं गार्ड

मोबाइलवर आमच्या छोट्या हायब्रिड गाडीच्याच मॉडेलची धडक चाचणी पाहिली. गाडी भिंतीवर आदळली, नाक चुरगळलं आणि आतला पुतळा शाबूत राहिला. नाकानं मार खायचा, तेव्हा माणसं वाचतात. त्याच नाकावर मी शोरूममध्ये तासभर भांडून लोखंडी गार्ड फुकट बसवून घेतलं. त्यानं धक्का थेट आत येतो. विक्रेत्याला हे नक्की ठाऊक होतं. "साहेब, तुमच्यापुढे कुणाचं चालतं!" म्हणून हसला मेला. आयुष्यभर घासाघीस करून वर आलो. हवं ते देऊनही कुणी फसवतं, हे मात्र शिकलो नाही.

आज गार्ड काढायला निघालो, तर बायको शेजारी बसत म्हणाली, "अहो, राहू द्या की. ते आहे म्हणून तर मी पुढे निर्धास्त बसते."