अण्णांचा गोल शिक्का

टॅक्सी वाडीच्या तोंडाशी उभी होती आणि अण्णा वर तिसऱ्या मजल्यावर बॉक्स फाइल शोधत होते. आई माझ्या हातावर दही घालून मोकळी झाली होती, शेजारच्या काकूंचं रडूनही झालं होतं, टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न मारला होता. शेवटी अण्णा फाइल घेऊन उतरले. निळी, नाडीची. म्हणाले, "प्रत्येक कागद यात लाव. आला की त्याच दिवशी. आणि मला फोटो पाठव." झालं. पोरगी पहिल्यांदा देशाबाहेर चाललीय आणि बापाला कागदाची पडलीय. एअरपोर्टपर्यंत मी रडले, त्यातलं निम्मं या रागाने.

अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत चौतीस वर्षं काढलेली. कोण कधी रुजू झालं, कोणाची किती सेवा धरायची, कोण कधी कायम झालं, हे ठरवायचे कागद त्यांच्या टेबलावरून जायचे. त्यांच्या नजरेतून तारीख सुटत नसे. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांतसुद्धा गॅसच्या पावत्या वर्षवार लावलेल्या असत.

मी चालले होते पोस्टडॉक करायला. पीएचडी झाली की प्राध्यापकी मिळेपर्यंत जी मुदतीची संशोधनाची कामं करावी लागतात, ती. ठिकाण स्वीडनचा पश्चिम किनारा, विषय कालवं. कालवाचं पिल्लू पाण्यात भटकत असतं, एक खडक निवडतं आणि तिथेच जन्मभर चिकटतं. ते कसं निवडतं, हे मी बघते. आईचं म्हणणं, खायची वस्तू आहे ती, एवढं काय बघायचंय. ठरलं होतं असं की तीन वर्षं तिकडे, मग परत मुंबई. मला परतच यायचं होतं. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे आणि ते खरं होतं.

पहिली दोन वर्षं स्टायपेंड होता, पुढे वर्षा-वर्षाची कॉन्ट्रॅक्टं. तिकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, साडेनऊला एकत्र कॉफी पितात आणि ग्रँट संपत आली की कोणी कोणाच्या डोळ्यात बघत नाही. तुमच्यापैकी जे या मार्गाने गेलेत त्यांना हे माहीत आहे. जे मागे राहिलेत त्यांना मी हे फोनवर कधी सांगितलं नाही. अण्णा दर रविवारी विचारायचे, "कायम कधी?" मी कालवांची गोष्ट सांगून विषय बदलायचे. एकदा म्हणाले, "म्हणजे तुझं कालव तुझ्याआधी कायम झालं."

पाचवं वर्ष संपता संपता मुंबईत जागा निघाली. माझ्याच विषयाची, घरापासून बसने वीस मिनिटांवर. अट होती चार वर्षांच्या अनुभवाची आणि त्याच्या दाखल्याची. मी माझ्या बॉसकडे, लेनाकडे, पत्र मागितलं. तिने दोन पानं लिहिली: अश्विनी किती हुशार, अश्विनी आल्यापासून लॅब कशी हसती झाली. मी मोठ्या आनंदाने अण्णांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन. "हे प्रेमपत्र आहे. दाखला नाही. रुजू दिनांक कुठाय? पदनाम? शिक्का?"

शिक्का तिकडे कोणाकडेच नसतो, हे त्यांना पटेना. मग त्यांनी स्वतः दाखल्याचा मसुदा केला, त्यांच्या त्या ठणठणीत कचेरी इंग्रजीत. आणि ठाकूरद्वारच्या एका दुकानातून माझ्या स्वीडनमधल्या विभागाच्या नावाचा गोल शिक्का करून घेतला. तो कुरिअरने आला, मेतकुटाच्या पाकिटासोबत, शाईच्या पॅडसकट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेनाला मात्र तो इतका आवडला की तिने दाखल्यावर सही करून स्वतःच्या हाताने शिक्का मारला आणि नंतर कॉफीच्या यादीवरही मारला.

इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं, मी आले. आईने लोखंडी कपाटाचे दोन कप्पे आधीच रिकामे करून ठेवले होते. इंटरव्ह्यूच्या दिवशी आधी कागद तपासायचं टेबल होतं. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे पानं उलटली. शिक्का बघून समाधानाने मान हलवली. मग पहिल्या नेमणुकीच्या पत्रावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, ही दोन वर्षं स्टायपेंड आहे. नोकरी नाही ही. सेवा धरता येणार नाही." उरली तीन, हवी होती चार. मी दारातूनच परत आले.

अण्णा गॅलरीत बसले होते. मला बघून म्हणाले, "आलीस? जेवून घे." कपाटाचे कप्पे आईने मी गेल्यावरच भरले.

पुढे स्वीडनमध्येच दोन ठिकाणी नकार आला, तिसऱ्या खेपेला आमच्याच विभागात लेक्चरर म्हणून घेतलं. पत्र बघून अण्णा म्हणाले, "कलम सहा वाच. प्रोबेशन आहे." प्रोबेशन संपल्यावर पेढे वाटले.

गेल्या वर्षी चाळ रिकामी करायची नोटीस आली. आता तिथे टॉवर होणार. मी सामान आवरायला आले. पोटमाळ्यावर दुसरी निळी फाइल सापडली. मी पाठवलेल्या प्रत्येक फोटोची प्रिंट काढून अण्णांनी लावली होती. सगळ्यांत खाली माझं पहिलं नेमणुकीचं पत्र. समासात पेन्सिलने, त्यांच्या बारीक अक्षरात: 'स्टायपेंड. सेवा धरणार नाहीत.' खाली तारीख. मी जाऊन पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते.

अण्णा खाली सुतळीने रद्दी बांधत होते. मी फाइल घेऊन उतरले. "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग मसुदा कशाला केलात? शिक्का? आईला कपाट कशाला रिकामं करू दिलंत?"

त्यांनी गाठ मारून घेतली. "नाही म्हणायला तिथे माणूस नेमलेला असतो. ते बापाने कशाला म्हणायचं?" आणि रद्दीकडेच बघत, "एखाद्याच्या नजरेतून सुटतंही कधी."

मी तिथेच, त्या रद्दीत बसून रडले. या खेपेला रागाने नाही.

आईअण्णा आता परळला भाड्याच्या जागेत आहेत. माझं बिऱ्हाड समुद्राजवळ आहे, माझ्या नावावर, आणि तिथून मी हलेन असं वाटत नाही. गेल्या महिन्यात माझ्या हाताखालची पहिली पोस्टडॉक, नायजेरियाची मुलगी, मायदेशी नोकरीला अर्ज करायला निघाली. मी अण्णांचाच मसुदा काढला, रुजू दिनांक, पदनाम, सगळं, आणि खाली तो गोल शिक्का मारला. ती हसली. मला पूर्वी लाज वाटली होती.

घर कुठे, असं इकडे लोक विचारतात. मी गिरगाव सांगते. तिथे आता पत्रे ठोकलेत, आत काही नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याची चूक सोडली नाही, तो इंटरव्ह्यूच्या त्या दिवशी तिथल्या गॅलरीत बसून वाट बघत होता की माझ्यासाठी कोणाची तरी एक चूक व्हावी.