देवीला न दाखवलेली गोळी

वर्षभर मी मोखाड्याच्या कचेरीत छातीतली धडधड लपवत बसत होतो. हाताला घाम सुटायचा, आता आपलं काही खरं नाही असं वाटायचं. तपासण्यांत हृदय ठणठणीत निघालं. शेवटी मनाच्या डॉक्टरांनी हा चिंतेचा आजार आहे म्हणून सांगितलं आणि रोज सकाळी एक गोळी सुरू केली. दीडेक महिन्यात मी माणसात आलो. पण त्या गोळीची मला लाज वाटे. इतकी वर्षं देवीची पूजा करूनही मन ताब्यात ठेवायला गोळी लागते, म्हणजे आपली भक्तीच कच्ची, असं डोक्यात बसलं होतं. पाकीट मी देवघरापासून लांब, कपाटात शर्टांखाली ठेवायचो.

नवरात्रात घट बसले आणि मी देवीला सांगून टाकलं, हे नऊ दिवस फक्त तुझं नाव, गोळी नाही. बायको म्हणाली, "अहो, देवीनं मागितलंय का तुमच्याकडे हे?" मी कसला ऐकतोय. माझा हट्टीपणा जव्हारात सगळ्यांना ठाऊक आहे.

पाचव्या माळेला जव्हारहून जीपने कचेरीत निघालो होतो. घाटातल्या वळणावर श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या. आता इथेच मरणार असं वाटलं. नामस्मरण करायला गेलो तर देवीचं नावच आठवेना. मरणापेक्षा त्याचंच मला जास्त रडू आलं.

शेजारी दाभोसा गावची एक म्हातारी बसली होती. काकड्यांची टोपली मांडीवर घेऊन बाजाराला निघालेली. तिनं माझा हात धरला. "हळूहळू दम सोड, भाऊ. औषध नाय का तुला?"

मी रडत रडत तिला सगळं सांगितलं, देवीला दिलेल्या शब्दासकट. भरल्या जीपमध्ये. ती हसली नाही.

"नवी काकडी आमी आधी देवाला दावतो, मंग खातो," ती म्हणाली. "तू गोळी दावलीस का देवीला?"

"नाही."

"मंग तिला ती नको, ह्ये तुला कोनी सांगितलं?"

मोखाडा येईपर्यंत तिनं हात सोडला नाही. उतरताना एक काकडी माझ्या हातात ठेवली.

स्टँडवरूनच मी डॉक्टरांना फोन केला. ते रागावले. ही गोळी अशी एकदम सोडायची नसते म्हणाले, आणि पुन्हा कशी सुरू करायची ते समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाकीट घटासमोर ठेवलं, शेजारी ती काकडी ठेवली, आणि तीर्थाबरोबर गोळी घेतली.

पुढच्या बाजाराला म्हातारी भेटली. तिनं मला ओळखलं नाही. मी पाया पडलो तेव्हा बावरून म्हणाली, "काकड्या किती देऊ?"

गोळी अजून चालू आहे. कधी थांबवायची ते डॉक्टर बघतील. सगळं देवीवर सोपवलं असं मी सांगत फिरायचो, आणि तिनं मदत कोणाच्या हातून द्यावी हे मात्र मीच ठरवायला निघालो होतो. आता पाकीट देवघरात कुंकवाच्या करंड्याजवळ असतं. रोज फूल वाहून झालं की मी हात पुढे करतो.