मामंजींची फटफटी

माझ्या धाकट्या दिरांइतका वडिलांचा मान राखणारा माणूस सबंध मुलुंडात सापडला नसता, आणि तोही वडील वारल्यावर. मामंजींची विलायती फटफटी चाळीच्या जिन्याखाली ताडपत्रीत उभी होती. गिरणीतला इंग्रज साहेब मायदेशी जाताना ती त्यांना देऊन गेला होता. तशी दुसरी मुंबईत नाही, असे भावोजी सांगत. मामंजी गेल्यापासून ती बंद होती. सासूबाई होत्या तोवर दर दसऱ्याला तिची पूजा करीत, आणि भावोजी तिच्याशी बोलताना ‘अहो’ म्हणत.

त्या वर्षी चाळीचे मालक म्हणाले, “दसऱ्यापर्यंत चालू झाली तर राहू दे, नाहीतर भंगारात द्या.” भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत. मग ऑफिसातून आले की जिन्याखाली. माझ्या वाट्या एकेक करून नाहीशा झाल्या. प्रत्येक वाटीत रॉकेल आणि रॉकेलात एकेक स्क्रू. टाकीचा गंज काढायला घरातली सगळी चिंच गेली. आम्ही महिनाभर बिनचिंचेची आमटी खाल्ली. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून वायरी आणल्या, तरी ती हूं की चूं करीना. त्यात किक मारायची ती चपला काढून. पाऊल सुजले, लंगडू लागले, पण ऐकेनात.

“वडिलांना चपलेने लाथ मारू?” ते म्हणाले.

“अनवाणी मारलेली चालते वाटतं?” शेजारच्या काकूंनी विचारले.

“आधी नमस्कार करतो ना, काकू!”

नवमीला आमच्या ह्यांनी किक मारली आणि भावोजींनी सायलेन्सरच्या तोंडावर हात धरला. वाराच येईना. सायलेन्सर काढून आपटला तर आतून काळे पडलेले तांदूळ आणि झेंडूच्या पाकळ्या पडल्या.

“अरे, गाडी आहे की तांदळाची कोठी?” काकू हसल्या. आम्ही कोणी हसलो नाही. पूजा झाली की सासूबाई मूठभर अक्षता त्या नळीत घालीत. “उपाशी नको राहायला,” असे हळूच म्हणत. भावोजींनी ते तांदूळ फेकले नाहीत. रुमालात बांधून देव्हाऱ्यात ठेवले.

दसऱ्याला पूजा माझ्याकडे आली. हळदकुंकू वाहिले, हार घातला. अक्षता घेतल्या आणि माझा हात थांबला. मालक वर गॅलरीत उभे होते.

“दोनच दाणे घाला, वहिनी,” भावोजी म्हणाले. “नाहीतर आईला काय सांगू?”

मी दोन दाणे घातले. भावोजींनी चपला काढल्या, नमस्कार केला. तिसऱ्या किकेला फटफटी खोकली, धूर आला, आणि सगळी चाळ थरथरली. मालक आत गेले.

“बस की रे आता, एक चक्कर मार!” काकू ओरडल्या.

भावोजी बसले. पण लहानपणी बसत तसे, मागच्या सीटवर. पुढची सीट रिकामी होती. दोन्ही हातांनी त्यांनी तिच्या कडा घट्ट धरल्या होत्या, आणि पेट्रोल संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.