सप्लायवरची चिठ्ठी

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — पण ‘जाऊ द्या सलीमभाऊ, सगळेच करतात’ असं म्हणणार असाल, तर इथेच थांबा. सगळे काय करतात ते मला माहीत आहे. मी काय केलं ते सांगतोय.

चंद्रपुरात माझं कॉम्प्युटरचं दुकान. मशिनी जोडून द्यायचो, आणि माझ्या पद्धतीचा मला भारी माज होता. मशीनला वीज देणारा जो डबा असतो, सप्लाय — तो बसवण्याआधी टेबलावर चालू करायचो आणि मुद्दाम त्याची पिवळी आणि काळी वायर एकमेकींना टेकवायचो. चांगला सप्लाय लगेच आपणहून बंद पडतो. नाही पडला, तर तो एक दिवस आग लावणार. पास झालेल्यावर चिठ्ठी चिकटवायचो — ‘तपासला’, खाली माझी सही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भामरागडकडच्या एका आश्रमशाळेला चार मशिनी हव्या होत्या, पावसात रस्ता बंद व्हायच्या आत. पहिला सप्लाय टेकवला — बंद पडलाच नाही. वायर वितळली, दुकानभर धूर. उरलेले तीन त्याच खोक्यातले. नागपूरहून दुसरे येईपर्यंत नदी चढली असती, ऑर्डर हातची गेली असती. मग? पहिल्याच्या जागी दुकानात पडून असलेला एक तपासलेला जुना सप्लाय बसवला. बाकीच्या तिघांना हातच लावला नाही. टेकवलेच नाहीत, तर नापास कसे होणार? तीन चिठ्ठ्या लिहिल्या. सही नेहमीसारखीच झोकात केली.

शाळेत मशीन चालवायला रुक्मीबाई मडावी होत्या, तिथल्याच, रोजंदारीवर. त्यांना मीच शिकवलं होतं — आधी शटडाऊन, मग बटन. चालू मशीनचा प्लग कधी ओढायचा नाही.

दिवाळीनंतर निरोप आला, एक मशीन जळली. गेलो. उंदराने आतल्या तारा कुरतडल्या होत्या, त्या एकमेकींना टेकल्या होत्या — मी टेबलावर टेकवायचो तशाच. सप्लाय बंद पडला नव्हता. जाळ दिसला तेव्हा रुक्मीबाईंनी धुरात हात घालून मशीनमागचा प्लग ओढला होता. तळहात भाजला होता. शेजारच्या खोलीत मुलींचा वर्ग चालू होता.

हेडमास्तरांनी विचारलं, ‘काऊन जळली?’ उंदराचं नाव घेतलं असतं, तर ते म्हणाले असते — तुमचा सप्लाय तर आपोआप बंद होते ना? मशिनी देताना मीच तसं मिरवलं होतं. माझी चिठ्ठी डब्यावर होती, अर्धी करपलेली. ती नखाने खरवडून खिशात घातली आणि म्हणालो, ‘बाईनं चालू मशीनचा प्लग ओढला. म्हणून जळली.’

रुक्मीबाई हाताच्या पट्टीकडे बघत राहिल्या. ‘भाऊ, धूर पहिले निंगाला असं वाटलं मले. पण तुम्ही म्हनता तं माहीच चूक असन.’ त्याच आठवड्यात त्यांचं काम गेलं.

घाबरलो होतो का? होतो. पण भीतीला मी पुढे करणार नाही. पूर्ण विचार करून बोललो, आणि तुमची माफी घ्यायला आज बसलेलो नाही.

काही वर्षांनी रुक्मीबाई माझ्या दुकानात आल्या, मुलीसाठी जुनी मशीन बघायला. मी चालू करून दाखवत होतो. त्यांनी मुलीला सांगितलं, ‘प्लग नको वढू कधी. म्या वढला होता, तं शाळेची मशीन जळली.’ तळहातावरचा डाग तसाच होता.

मी त्या मुलीला म्हणालो, ‘बरोबर सांगून राह्यली तुही आई.’

मला कोणी विचारलंही नव्हतं.