मेहुण्यांचा मोरचूद

उन्हाळ्यात नाशिकजवळच्या आमच्या मत्स्यपालनाच्या तळ्यावर हिरवी साय धरली आणि पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. वर्षभराची मेहनत जाणार हे उघड होतं. मी कामं ठरवली: तळ्यात शेणखत टाकणं बंद, शेवाळ जाळ्याने ओढायचं, पाटाचं ताजं पाणी सोडायचं. मेहुण्यांना, म्हणजे बायकोच्या भावाला, एवढा खटाटोप कमीपणाचा वाटला. त्यांची द्राक्षबाग होती. म्हणजे सगळं शास्त्र आलंच.

“दाजी, वेलींना बुरशीवर मोरचूद चालतो, मग माशांना काय धाड भरलीय?”

मी बाजाराला गेलो तेव्हा त्यांनी मोरचुदाची अख्खी गोणी तळ्यात ओतली. सगळं शेवाळ एकदम मेलं, कुजलं, पाण्यातला प्राणवायू संपला आणि मासे गुदमरले. काठावर पांढऱ्या पोटांचा खच पडला होता. मेहुणे नाकाला उपरणं लावून म्हणाले, “शेवाळ तर गेलं ना, दाजी?”